बाहेरून कडी

१

मास्तर कपडे शिवायचे आणि बाई गोष्टी लिहायच्या. गल्लीत या जोडीची चेष्टा व्हायची. एक माणूस फाटलेलं जोडतो, दुसरं माणूस चांगलं चाललेलं उसवतं, असं समोरच्या चष्म्यांच्या दुकानातला चष्मेवाला म्हणायचा, आणि मास्तर त्याच्या पाटलोणीचं माप घेता घेता मान डोलवायचे.

खाली रस्त्यालगत दुकान होतं. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा अरुंद बोळ. बोळाच्या टोकाची खोली बाईंची. तिथे टेबल होतं खिडकीला लागून, त्यामुळे लिहिताना दाराकडे पाठ व्हायची. एक खुर्ची, एक खाट, एक कपाट, आणि भिंतीतल्या कोनाड्यात पुस्तकं. बाईंची स्वतःची दोनच, पण ती पुढे ठेवलेली.

बाईंचं दुखणं एकच. बसणं होत नसे. डोक्यात गोष्ट तयार असायची, पण टेबलाशी गेलं की त्यांना आठवायचं की दूध वर येईल, चादर वाळली असेल, शेजारणीचा डबा परत करायचा राहिलाय. मग त्या उठायच्या आणि दिवस हातचा जायचा. रात्री पुन्हा तेच रडगाणं, की माझ्या हातून आता काही होत नाही. मास्तर ऐकून घ्यायचे. ते बोलण्यात कमी आणि करण्यात जास्त. एका सकाळी बाई टेबलाशी बसल्या आणि पाठीमागे दार ओढलं गेलं, बाहेरून कडी लागली.

बाई ओरडल्या. बाहेरून मास्तर शांतपणे म्हणाले, "एक पान लिही. दाराखालून सरकव. मग काढतो."

तेव्हापासून तो घरचा नेमच झाला. मास्तर बोळात स्टुलावर बसायचे आणि काजं-बटणं करायचे. स्टुलाचा एक पाय तोकडा होता, त्यामुळे ते हलले की फरशीवर टक् वाजायचं. कुणी जिन्यावरून हाक मारली तर मास्तर खालच्या आवाजात सांगायचे की बाई कामावर गेल्यात. पान दुमडू नये म्हणून त्यांनी दाराची खालची कड रंध्याने थोडी मारून घेतली होती. पान बाहेर आलं की बोटातल्या अंगुस्तानाने, सुई टोचू नये म्हणून घालायच्या धातूच्या टोपीने, दारावर एकदा टकटक करायचे, कडी काढायचे, आणि पान शर्टाच्या रिकाम्या खोक्यात ठेवून खाली दुकानात जायचे.

पान त्यांनी कधी वाचलं नाही. "मला त्यातलं काय कळतंय," म्हणायचे. शाळा लवकर सुटलेली, अक्षरओळख बेताची. बाईंना सुरुवातीला याचं वाईट वाटायचं, पुढे पुढे बरंच वाटू लागलं. घरात निदान एक माणूस तरी असं होतं ज्याचं मत ऐकावं लागत नव्हतं.

२

मास्तर गेले तेव्हा तिसरं पुस्तक अर्ध्यावर होतं.

पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी बाईंना आणि मुलीला बाहेर बाकावर बसवून सगळं सांगितलं. मुलीला घरात बेबी म्हणत, आणि चाळिशी उलटली तरी ती बेबीच होती. ती रडायला लागली. बाई मात्र खंबीर राहिल्या. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की यांना काही सांगायचं नाही. जीव भित्रा आहे, आधीच हाय खाईल. साधी सूज आहे, औषधाने उतरेल, असं सांगायचं. डॉक्टरही त्यात सामील झाले, नर्सही, भेटायला येणारेही. मास्तर पडल्या पडल्या छताकडे बघत बेत करायचे. घरी गेल्यावर आधी स्टुलाचा पाय दुरुस्त करतो म्हणायचे. तुझी बैठक मोडलीय, सोमवारपासून पुन्हा सुरू करू, म्हणायचे. बाई हो म्हणायच्या. एका दुपारी मास्तर झोपले ते उठलेच नाहीत. सोनं झालं, सगळे म्हणाले. कळलंसुद्धा नाही त्यांना.

त्यानंतर बाईंनी टेबल पुसायचंही सोडलं. लोक येऊन सांगत, लिहा, त्यात मन रमेल. बाईंनी प्रयत्न केला नाही असं नाही. नवं पेन आणलं. गजर लावला. चष्मेवाल्याने सल्ला दिला की रोज फक्त एक ओळ लिहा, ओळीची पानं आपोआप होतात. बाईंनी एक ओळ लिहिली आणि ती खोडायला सकाळ घालवली. संपादकांचे फोन येत. ते सज्जन गृहस्थ, घाई करत नव्हते, पण पुस्तक अर्ध्यावर राहिलंय याची आठवण मात्र न चुकता करून द्यायचे.

पुस्तक होतं पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं. रंगारी म्हणजे मास्तरच, हे गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखेल. शेवटच्या प्रकरणात रंगारी मरायचा होता. हे बाईंनी मास्तर धडधाकट असतानाच ठरवलं होतं, आणि आता ते आठवलं की त्यांच्या हातातलं पेन जड व्हायचं.

एकटेपणाचं त्यांना भय नव्हतं. त्यांना खरं दुःख होतं ते असं, की बाहेर बसणारं माणूस गेलं आणि आत बसणाऱ्याचं बसणंच संपलं. हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बाईला नवऱ्यापेक्षा लिहिण्याचं पडलंय. आणि तसंही नव्हतं. बाईंना ती दोन दुःखं वेगळी काढताच येत नव्हती.

३

तो सोमवार होता की नव्हता, हे बाईंनी पुढे खूप आठवून पाहिलं.

चहा झाला, त्या खोलीत गेल्या. लिहायला म्हणून नव्हे, खिडकी उघडायला. खुर्चीत टेकल्या एवढंच. मागे दार हलकेच ओढलं गेलं. मग कडी लागली.

तो आवाज त्यांच्या इतका ओळखीचा होता की पहिल्यांदा त्यांना काहीच वाटलं नाही. हात सवयीने कागदाकडे गेला. मग मात्र तो अर्ध्यावर थांबला. "बेबी?" त्यांनी हाक मारली. बेबीचं घर बसने तासाभरावर, आणि ती न सांगता येत नाही. त्या उठल्या, दार ओढलं. दार हललं नाही.

बाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी स्वतःला समजावलं. वाऱ्याने दार लागलं असेल. कडी जुनी, ढिली, आपटल्यावर कोयंड्यात पडली असेल. असं होतं. खिडकीतून कुणाला हाक मारावी, तर गल्लीत एवढ्या सकाळी चिटपाखरू नव्हतं. फोन स्वयंपाकघरात, कारण फोन बाहेर ठेवायचा हाही मास्तरांचाच नेम. त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. बोळ शांत होता. आणि मग फरशीवर टक् वाजलं. तोकड्या पायाचं स्टूल.

त्या मागे सरकत सरकत टेबलापाशी आल्या आणि खुर्चीत बसल्या. दुसरं काय करायचं ते सुचेना म्हणून लिहू लागल्या. काय लिहिलं ते त्यांना कळत नव्हतं. रंगारी शिडीवर चढलेला, खाली बायको शिडी धरून उभी, असलं काहीतरी. पान भरलं. दाराखालून सरकवलं. पान थोडं पुढे गेलं, अडलं, आणि मग पलीकडून ओढून घेतलं गेलं.

दारावर एकदा टकटक झाली. धातूची. कडी निघाली.

बाईंनी दार उघडलं तेव्हा बोळात उन्हाचा पट्टा होता आणि रिकामं स्टूल. पान शर्टाच्या खोक्यात होतं, आधीच्या पानांवर, कडेला कड जुळवून. बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि कितीतरी वेळ रडल्या. भीतीने नव्हे. भीती त्या रडण्यात होती, पण थोडीच.

४

बाई रोज लिहू लागल्या.

चष्मेवाल्याला वाटलं त्याचा सल्ला लागू पडला. संपादकांनी फोनवर आनंद व्यक्त केला. बाईंचं जेवणखाण सुधारलं, केसांना तेल लागलं, शेजारीण म्हणाली की तुमचा चेहरा आता जरा माणसात आला. बाई हसायच्या. त्या सकाळी लवकर उठून दोन कप चहा करत आणि एक बोळात स्टुलापाशी ठेवत. तो तसाच निवायचा, पण ठेवताना बरं वाटायचं.

शहाणपण सुटलं नव्हतं. त्या रोज एक नवं कारण शोधत. अंगुस्तानाची टकटक म्हणजे दाराचं लाकूड तडकतंय. स्टुलाचा आवाज खालच्या दुकानातून येतोय. दुकानाला कुलूप होतं हे खरं, पण जुन्या घरात आवाज कुठून कुठे जातो याचा काय भरवसा? अंगुस्तान त्यांनी शोधून पाहिलं. दवाखान्यातून आलेल्या कपड्यांच्या खिशात होतं, ते त्यांनीच मशीनच्या खणात ठेवलं होतं. तिथेच होतं. खण बंद करताना त्यांना जरा गार वाटलं, एवढंच.

बेबी आली ती एका रविवारी. आईला खोलीत बसलेली पाहून तिला भरून आलं. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. घरात एकटी बाई, आणि दाराला बाहेरून कडी कशाला? उद्या चुकून लागली तर आत पडून राहशील, कुणाला पत्ता लागायचा नाही. बाई काही बोलायच्या आत तिने खालून पेचकस आणला आणि बाहेरची कडी, कोयंडा, सगळं काढून टाकलं. दारावर स्क्रूची भोकं तेवढी उरली. बाईंनी ते लोखंड पदरात घेतलं आणि कपाटात ठेवलं. बेबी संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी बाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. संपलं, त्यांनी मनात म्हटलं, आणि डोळे मिटले.

दार ओढलं गेलं. कडी लागली.

बाई उठल्या नाहीत. पाठीचा कणा ताठ करून बसून राहिल्या. कपाटात ठेवलेली कडी त्यांना दिसत होती, कारण कपाट याच खोलीत होतं आणि त्याचं दार अर्धवट उघडं होतं.

पान लिहून सरकवल्यावर दार उघडलं. मग त्यांनी सुताराला बोलावलं. त्याने दार दोनचारदा उघडून-मिटून पाहिलं, कडेला बोट फिरवलं, आणि लाकूड फुगतं, असं म्हणाला. रंधा मारून दिला. दार आता नुसत्या फुंकरीने हलत होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागलं आणि पान जाईपर्यंत तसूभरही हललं नाही.

५

आता शेवटचं प्रकरण टाळता येत नव्हतं. रंगाऱ्याला दवाखान्यात नेऊन झालं होतं, खाटेवर निजवून झालं होतं. एका सकाळी बाईंनी मन घट्ट केलं आणि ते पान लिहिलं. चांगलं उतरलं. दुपार, खिडकीचा पडदा, बायकोच्या हातात अर्धी सोललेली मोसंबी, आणि खाटेवरचा श्वास थांबलेला. लिहिताना त्या रडल्या नाहीत, त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

पान सरकवलं. ओढून घेतलं गेलं. बाई टकटकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

बराच वेळ गेला. मग पान परत आलं. दाराखालून, कोरी बाजू वर करून, हळूहळू आत सरकत आलं आणि त्यांच्या पायाशी थांबलं.

हे पूर्वी कधी झालं नव्हतं. वारा असेल म्हणून त्यांनी ते पुन्हा सरकवलं. ते पुन्हा आलं. त्यांनी त्याच प्रसंगाचं दुसरं पान लिहिलं, थोडं मवाळ, मरण सरळ न सांगता. तेही परत आलं. उन्हाचा पट्टा भिंतीवरून टेबलावर उतरला, भूक लागली, घसा सुकला. त्यांनी दारावर हात मारला, अहो, उघडा, म्हणाल्या. ते शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांनाच कसंतरी झालं, कारण बाहेर जे कुणी होतं त्याला त्यांनी आजवर हाक म्हणून मारली नव्हती.

शेवटी त्यांनी वेगळंच पान लिहिलं. रंगारी बरा झाला. घरी आला. ब्रश धुतोय. हे साफ खोटं होतं आणि वाईटही लिहिलं होतं. ते पान मात्र परत आलं नाही. टकटक झाली, दार उघडलं.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाव खाताना बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. पान परत करायचं तर ते आधी वाचावं लागतं. बाहेर बसलेलं जे कुणी होतं ते वाचत होतं. आणि मास्तर वाचत नव्हते.

मग इतके दिवस त्या चहा कुणासाठी ठेवत होत्या?

६

दुसऱ्या दिवशी खोलीत पाऊल टाकायचा त्यांना धीर होईना. पण न जावं तर दिवसभर करायचं काय? आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जाणून घ्यायची ओढ जबर होती. त्या बसल्या, कडी लागली. रंगारी बरा झाल्याचं आणखी एक पान त्यांनी लिहिलं. दारापाशी आल्या, पान अर्धंच सरकवलं, आणि जमिनीवर आडव्या होऊन फटीला डोळा लावला.

बोळातली फरशी दिसली. स्टुलाचे पाय. पानाचा पलीकडचा भाग, उजेडात. मग वरून एक बोट पानावर उतरलं.

तर्जनी. टोकाला सुयांनी टोचून टोचून निबर झालेली. नखाला उभी चीर. फार वर्षांपूर्वी मशीनची सुई त्या नखातून आरपार गेली होती, आणि त्या दिवशी पट्टी बाईंनीच बांधली होती.

बोट पहिल्या ओळीच्या सुरुवातीला टेकलं आणि पुढे सरकू लागलं. एका अक्षराखाली थांबायचं, मग पुढच्या. जोडाक्षर आलं की मागे यायचं, पुन्हा सुरुवात. ओळ संपली की दुसरी. त्याच्या वर हात होता का, तो बाहीत होता का, वर कुणी बसलं होतं का, हे फटीतून दिसत नव्हतं, आणि बाईंनी मान वाकडी करून पाहिलंही नाही. त्या गालाला फरशीचा गारवा घेत पडून राहिल्या. तेवढं वाचायला त्या बोटाला सकाळचा बराचसा भाग लागला.

त्या दुपारी त्यांनी बेबीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलल्या, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की बाबांनी माझं कधी काही वाचलं होतं का गं?

बेबी म्हणाली, "सगळं वाचलंय. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

बेबी सांगत गेली. मास्तर ते खोकं खाली दुकानात न्यायचे. गिऱ्हाईक नसलं की एकेक पान काढायचे, मशीनवर ठेवायचे, बोट लावून वाचायचे. एका पानाला दिवस जायचा. अडलं की शाळेतून आलेल्या बेबीला विचारायचे. तुझ्या आईला सांगू नकोस, म्हणायचे, एवढ्या हळू वाचतो हे कळलं तर हसेल. आणि पान संपलं की दर वेळी एकच विचारायचे, पुढे? बेबीला कुठलं माहीत असणार? ती म्हणायची, आईला विचारा. ते म्हणायचे, नको, उद्याचं पान येईल ना.

बाईंनी फोन ठेवला. आपण इतकी वर्षं ज्याला वाचता येत नाही असं धरून चाललो, ज्याचं मत नाही म्हणून सुखात राहिलो, तोच एक आपला खरा वाचक होता. त्यांना आपली लाज वाटली आणि फार एकटं वाटलं.

मग हळूहळू दुसरी गोष्ट मनात उतरली. मास्तर रोज येतात, बसतात, कडी लावतात. रंगारी मेल्याचं पान परत करतात. घरी जाऊन सोमवारपासून बैठक सुरू करू, असं म्हणाले होते, त्याप्रमाणे त्यांनी केलं. त्यात त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगायचं नाही, हे बाईंनीच ठरवलं होतं.

७

आता बाईंपुढे दोनच वाटा होत्या. एक म्हणजे खोटं लिहीत राहायचं. रंगाऱ्याने रोज ब्रश धुवायचे, रोज पाट्या रंगवायच्या, पुस्तक कधी संपायचं नाही, संपादक एक दिवस फोन करायचे थांबतील, आणि सकाळी कडी लागत राहील. बाईंना हे आवडलं नसतं असं नाही. त्यांनी काही दिवस तसं केलंही. पण दुपारी बोळातून जाताना त्यांना स्टूल दिसायचं. त्या माणसाला औषध लागू पडतंय असं सांगत त्या दवाखान्यातल्या खाटेशी बसल्या होत्या. आता तेच चाललं होतं, फक्त जागा बदलली होती. आयुष्यभर आपल्यासाठी दार राखणाऱ्याला आपण दोनदा फसवतोय, हे त्यांना सोसवेना. मग उरली दुसरी वाट, खरं सांगायची.

त्या सकाळी त्यांनी चहा ठेवला आणि आत जाऊन बसल्या. कडी लागली. बाईंनी रंगाऱ्याला बाजूला ठेवलं. अक्षर मोठं काढलं, सुटं, जोडाक्षरं शक्यतो टाळून.

अहो, त्यांनी लिहिलं. तुमचा आजार मोठा होता. मला आधीपासून ठाऊक होतं. बेबीला पण. तुम्ही घाबराल म्हणून मी बोलले नाही. तुम्ही दुपारी झोपेतच गेलात. मी जवळ होते. मोसंबी सोलत होते. तुम्ही घरी आला नाहीत. बोळात रोज बसता, पण तुम्ही आता नाही आहात. मला माफ करा. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

पान अर्धंच भरलं होतं. त्यांनी ते सरकवलं. ओढून घेतलं गेलं. या वेळी त्या आडव्या झाल्या नाहीत. जाऊन खुर्चीत बसल्या, दाराकडे पाठ करून, आणि हात मांडीवर ठेवले. खाली रस्त्यावर चष्मेवाल्याने शटर वर केलं. एक सायकल गेली. बोट आता कुठल्या ओळीवर असेल, याचा अंदाज त्या मनात बांधत होत्या. आजारावर. बेबीवर. झोपेतच, हे जरा अडेल, पुन्हा मागे जाईल. मोसंबी.

स्टूल टक् वाजलं. मग पुन्हा. मग एकसारखं वाजू लागलं, जणू त्याच्यावर बसलेलं कुणी थरथरत होतं. बाईंनी डोळे गच्च मिटले. असं त्यांनी मास्तरांना कधीच पाहिलं नव्हतं, कारण तशी वेळच येऊ दिली नव्हती.

मग आवाज थांबला.

पान परत आलं नाही. टकटक झाली नाही. ऊन टेबलावर आलं. बाईंना वाटलं, गेले. त्या उठणार एवढ्यात दारावर आवाज आला. अंगुस्तानाचा नव्हे, उघड्या बोटांचा. हळू. तो कडी काढायच्या आधीचा ठोका नव्हता. आत येऊ का, असं विचारणारा होता.

इतक्या वर्षांत मास्तर बैठकीच्या वेळी उंबरा ओलांडून कधी आत आले नव्हते. बाई कामावर आहेत, म्हणायचे. बाईंनीही कधी या म्हटलं नव्हतं.

उठून आतून कडी लावावी, असंही एक क्षण वाटून गेलं, ते त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही. आतल्या बाजूला एक कडी होती, कधी न वापरलेली, दाराबरोबर आलेली. बाईंची नजर तिच्यावर गेली आणि परत आली.

"या ना," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

दार उघडलं. फरशीवरून स्टूल ओढत आणल्याचा आवाज आला. ते उंबऱ्याशी अडलं, उचललं गेलं, आणि खुर्चीच्या अगदी मागे ठेवलं गेलं. टक्. मग दवाखान्याच्या चादरीचा तो औषधी वास आला, आणि त्याखाली मशीनच्या तेलाचा. मान वळवली तर दिसलं असतं. बाईंनी मान वळवली नाही. आपण घाबरलेल्या चेहऱ्याने बघितलं तर ते आणखी घाबरतील, एवढंच त्यांना कळत होतं.

त्यांनी नवं पान पुढे ओढलं. रंगारी मेला, असं एकाच ओळीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. खांद्यावरून कुणीतरी वाकलं. कानाशी श्वास नव्हता, नुसता गारवा होता. ओळ वाचून होईपर्यंत बाईंनी पेन उचललं नाही. त्यांना आता ती गती ठाऊक झाली होती.

वाचून झालं. मग पाठीमागून, लहान मुलाने विचारावं तसं, मास्तरांनी विचारलं,

"पुढे?"

बाईंनी पेन कागदावर टेकवलं. पुढे काय असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि या खोलीत ते ज्याला ठाऊक असायला हवं होतं तोच विचारत होता.